शिडीवरच्या वन्सं आणि साहेबांची बांधिलकी

कोणत्याही सुधारणेला सगळ्यांत मोठा धोका असतो तो वरच्या माणसांच्या कंटाळ्याचा. कामगार कंटाळला तर काम थोडं मागे पडतं, यंत्र कंटाळलं तर त्याला तेल घालता येतं. पण साहेब कंटाळले की अख्खी सुधारणाच आडवी होते आणि तिच्या पाट्या तेवढ्या भिंतीवर राहतात. आमच्या कारखान्यात अशा पाट्या इतक्या आहेत की मागच्या भिंतीला कित्येक वर्षांत रंग द्यावा लागलेला नाही.

कारखाना घडीच्या शिड्यांचा. आमच्या ह्यांनी काढला आणि मी चालवला. (हे असतानाही मी असंच म्हणायचे, आणि ते मान हलवायचे.) आता थोरला मुलगा मुख्य साहेब आहे, धाकटा माल बनवण्याचं बघतो, जावई विक्रीचं बघतात आणि मी या तिघांकडे बघते. कागदोपत्री मी अध्यक्ष आहे, म्हणजे शेवटची सही माझी.

थोरला तीन दिवसांच्या शिबिराला गेला आणि चौथ्या दिवशी ‘लीन’ विचार घेऊन परतला. (नम्रतेशी या विचाराचा काही संबंध नाही. आमच्या घरात तसा संशय कोणाला आलाही नाही.) विचार असा की, गिऱ्हाइकाच्या उपयोगी न पडणारं प्रत्येक काम म्हणजे अपव्यय, आणि अपव्यय दिसला की तो मुळापासून उपटायचा. वाट बघणं अपव्यय, उगाच चालणं अपव्यय, वाकणं, उचलणं, गरजेपेक्षा जास्त करून ठेवणं, सगळा अपव्यय. मी तीन मुलांचा संसार याच विचाराने केला; पण तेव्हा याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी मला शिबिरात बोलावलं नाही.

विचाराच्या पाठोपाठ एक मार्गदर्शक आले. उंच, हळू बोलणारे, फक्त कोमट पाणी पिणारे. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “पद्धत सोपी आहे. अवघड असते ती नेतृत्वाची बांधिलकी. वरचे लोक मनापासून टिकले नाहीत तर सगळं सहा महिन्यांत विझतं.” हे आम्हाला फार लागलं, कारण आमच्याकडे सहा महिने काही टिकतं हेच नवीन होतं. थोरल्याने लगेच मागच्या सुधारणांचा आढावा काढायला लावला. तो असा निघाला:

शिस्त पंधरवडा – नऊ दिवस.

उभ्याने बैठक – दोन बैठका (दुसरीला खुर्च्या आल्या).

प्रत्येक कामगार हा मालकच – एक सकाळ (दुपारी एका कामगाराने ते खरं धरलं).

सूचनापेटी – चार वर्षं (किल्ली हरवली होती, म्हणून एवढी टिकली).

तेव्हा ठरलं की या खेपेला आधी बांधिलकी पक्की करायची आणि पद्धतीला मग हात घालायचा. ‘नेतृत्व बांधिलकी समिती’ नेमण्यात आली. सदस्य चार: थोरला, धाकटा, जावई आणि मी. मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, असं मार्गदर्शकांचं म्हणणं, म्हणून बांधिलकी मोजण्याचा फॉर्म आला. त्यात एकच प्रश्न होता: ‘शंभरपैकी किती?’ थोरल्याने सत्त्याण्णव लिहिले. जावयांनी थोरल्याच्या कागदाकडे बघून शहाण्णव लिहिले. मुरलेले जावई आहेत. धाकट्याने आधी “दादाचे किती?” विचारलं, मग “भावजींचे किती?” विचारलं, आणि पंच्याण्णव लिहिले. मी विचार केला, शंभरपैकी आपले झाले किती, आणि एकाहत्तर लिहिले. ते माझं वय होतं.

समितीने माझे एकाहत्तर ‘सुधारणेस वाव’ या रकान्यात घेतले आणि चारही आकडे मोठ्या पाटीवर फाटकाशी लावले. कामगार येता-जाता वाचू लागले. इतकी वर्षं मला बघून पाण्याची बाटलीसुद्धा सरळ धरणारी माणसं. ती आता माझ्याकडे दयेने बघायला लागली.

पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष जागेची फेरी. नेतृत्वाने खुर्चीत बसून राहायचं नाही, जिथे काम होतं तिथे रोज जायचं, आणि जे दिसेल त्याबद्दल पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’च्या तळाशी मूळ कारण बसलेलं असतं, असं शास्त्र आहे. पहिल्या दिवशी आम्ही चौघं, मार्गदर्शक, फोटो काढणारा आणि वही धरणारी एक मुलगी असे रांगेने खाली गेलो. शिडीच्या सांध्यांत रिबिटं ठोकणारा आमचा जुना रिबिटवाला समोर सापडला.

“ही शिडी इथे का उभी आहे?” थोरल्याने विचारलं.

“ठेवली, साहेब.”

“का ठेवली?”

“तुम्ही हाक मारलीत. हातातली ठेवून आलो.”

“मी हाक का मारली?”

“ते तुम्हाला ठाऊक.”

“तुला का नाही ठाऊक?”

“आम्हाला कोणी सांगत नाही, साहेब.”

“का सांगत नाहीत?”

रिबिटवाल्याने माझ्याकडे बघितलं. “आई, पाच झाले का? हातोडी गार पडली माझी.”

मार्गदर्शकांनी वहीत लिहायला सांगितलं: मूळ कारण, संवादाचा अभाव. संवादाच्या अभावावर एक पाटी करायला टाकण्यात आली.

फेरी सव्वा महिना चालली, सूचनापेटी सोडली तर हा आमच्याकडचा उच्चांक आहे. मग धाकट्याने पावलं मोजली. केबिनपासून रिबिटांपर्यंत जाऊन-येऊन सहाशे पावलं, साहेब चार, म्हणजे दिवसाला चोवीसशे पावलं, आणि त्या पावलांनी शिडी काही बनत नाही. म्हणजे साहेबांचं चालणं हाच कारखान्यातला सगळ्यांत मोठा अपव्यय! एकीकडे तत्त्व म्हणतं जा, दुसरीकडे तेच तत्त्व म्हणतं चालू नका. यातून वाट काढली ती जावयांनी. ते म्हणाले, नेतृत्वाने कामाच्या जागी जावं असं तत्त्व आहे. कामाची जागा कुठे असावी, याबद्दल तत्त्वात काही म्हटलेलं नाही.

त्याप्रमाणे वरच्या मजल्यावर, केबिनला लागून, काचेच्या भिंतीत ‘प्रत्यक्ष जागा’ तयार करण्यात आली. दोन हातोड्या, एक टेबल, कुंडीत एक झाड. खालचे सगळ्यांत चांगले दोन कारागीर इस्त्रीचे कपडे देऊन वर बसवले. ते दुपारपर्यंत एक शिडी जोडतात आणि संध्याकाळपर्यंत ती सोडवतात. त्या शिडीत आजवर एकही दोष आढळलेला नाही. दोन चांगले हात गेल्याने खाली नवख्यांवर ताण पडला, पण खाली आता कोणी जात नसल्यामुळे तो कोणाच्या लक्षात आला नाही.

आता बांधिलकीचा पुरावा. प्रत्येक साहेबाने दर महिन्याला निदान एक अपव्यय स्वतः उपटून दाखवायचा, नाहीतर पाटीवरचे पाच गुण कमी. पहिला महिना मजेत गेला: मोडक्या खुर्च्या, गंजलेले पत्रे, सूचनापेटी. दुसऱ्या महिन्यात कामगारांचा दुपारचा चहा गेला आणि ते बसायचे तो बाक गेला. (बाक काढल्यावर त्यांचं उभं राहणं दिसू लागलं, ते तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवलं.) जावयांनी खिडक्यांचे पडदे काढून एक अपव्यय दाखवला, मग काचेतून ऊन आत येतं म्हणून पडदे लावून दुसरा दाखवला. चौथ्या महिन्यात मात्र अपव्ययाचा कडक तुटवडा पडला. शोधून शोधून माणसं थकली. शेवटी जावई एकदा चुकून खालच्या मजल्यावर उतरले आणि त्यांना वन्सं दिसल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, मुलांची आत्या. मी या घरात आले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या आणि मी झोपले की माझ्या वेणीला खुर्ची बांधायच्या. आता अठ्ठावन्नच्या आहेत. वजन ब्याण्णव किलो आणि स्वभाव त्याहून थोडा जड. त्यांचं काम एकच. तयार झालेली प्रत्येक शिडी समोर आली की चौथ्या पायरीपर्यंत चढायचं, सगळं वजन डावीकडे टाकायचं, मग उजवीकडे टाकायचं आणि कान द्यायचा. सांधा ‘कुई’ म्हणाला की खाली उतरून खडूने फुली मारायची आणि शिडी रिबिटवाल्याकडे परत. दिवसाला एकशेवीस शिड्या, त्यांत साधारण चार फुल्या.

हा नियम आमच्या ह्यांचा. शिडी बाहेर जायच्या आधी तिच्यावर घरचं माणूस चढलं पाहिजे. परकं नाही, पगारी नाही; घरचं. आधी ते स्वतः चढत, मग मी चढले, तिन्ही बाळंतपणं सोडून एक दिवस चुकवला नाही. माझे गुडघे गेले तशा वन्सं चढल्या, त्याला बावीस वर्षं झाली. रिबिटवाल्याला ठाऊक असायचं की आपण ठोकलेल्या रिबिटावर घटकाभराने आत्या उभ्या राहणार आहेत, आणि हातोडी त्या हिशेबाने पडायची. हे कोणत्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून समितीला दिसण्याचा प्रश्न नव्हता.

जावयांनी बैठकीत आकडे मांडले. एका शिडीला दीड मीटर चढ, दिवसाला एकशे ऐंशी मीटर, वर्षाला तीनशे दिवस धरून चोपन्न किलोमीटर, बावीस वर्षांत अकराशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर सरळ वर. “आणि आत्या आज कुठे आहेत?” जावयांनी विचारलं. “तळमजल्यावर!” धाकट्याचे डोळे पांढरे झाले. एवढं अंतर कापून माणूस मूळ जागी असणं, याहून उघडा अपव्यय दुसरा नसेल.

मार्गदर्शकांनी दुजोरा दिला. तपासणी करायची म्हणजे चूक होणार हे आधीच मान्य करायचं. चूक होऊच दिली नाही तर तपासायचं काय? अगदी बरोबर आहे. यात कामं दोन होती: आधी चुका थांबवायच्या, मग तपासणी थांबवायची. पण महिना संपायला तीन दिवस उरले होते आणि एकच काम बसत होतं, म्हणून समितीने दुसरं आधी घेतलं.

प्रस्ताव माझ्या सहीला आला त्या दिवशी वन्संनी मला माल भरायच्या खोलीत गाठलं. त्या शिडीवर होत्या, मी खाली. बोलणं तसंच झालं.

“वहिनी, मला बंद करताय म्हणे.”

“प्रस्ताव आहे, वन्सं.”

“प्रस्ताव म्हणजे?”

“सगळं ठरलेलं असतं, सही तेवढी राहिलेली असते.”

“मग करू नकोस सही. काल किती फुल्या मारल्या माहिताय? चौदा. चारच्या जागी चौदा. चांगले दोघं वर नेऊन कुंडीशेजारी बसवलेत, इथे ठोकतंय कोण? ज्यांना हातोडीचं तोंड कुठलं ते कळत नाही ते.”

“हे समितीला सांगा ना.”

“सांगितलं की. तुझे जावई म्हणाले, आत्या, दोष तुमच्यामुळेच वाढलेत. तुम्ही नसता तर एकही निघाला नसता.”

आकड्यांच्या बाजूने ते खरंच होतं.

वन्संनी वजन उजवीकडे टाकलं. शिडी ‘कुई’ म्हणाली. खाली उतरून त्यांनी फुली मारली आणि खडू माझ्यासमोर धरून म्हणाल्या, “ही गेली असती ना बाहेर, तर कोणीतरी पडलं असतं, वहिनी. कोणाची तरी आई, कोणाचा तरी बाप. माझी खुर्ची गेली म्हणून रडत नाहीये मी. मला खुर्ची आहेच कुठे?”

मी म्हटलं, “मी बघते.” (हे वाक्य मी बेचाळीस वर्षं वापरते आहे. याचा अर्थ अजून कोणी विचारलेला नाही.)

सही करायची नाही असं ठरवूनच मी निघाले होते. पण फाटकाशी विहीणबाई उभ्या होत्या, म्हणजे जावयांच्या मातोश्री. मुलाला भेटायला आल्या होत्या आणि पाटी वाचत होत्या. त्यांनी जन्मात स्टुलावरसुद्धा पाय ठेवलेला नाही. मला बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही शेवटच्या का हो? आमच्याचे शहाण्णव दिसताहेत.”

मी वर गेले आणि सही केली.

माझे नव्याण्णव झाले. (शंभर मार्गदर्शकांसाठी राखीव आहेत.) तपासणीच्या जागी प्रत्येक शिडीवर एक चकचकीत चिकटपट्टी लावण्यात आली. तिच्यावर एकमेकांत गुंफलेले चार हात आणि खाली शब्द: ‘नेतृत्वाच्या बांधिलकीने प्रमाणित’. हात आमचेच आहेत, फोटो काढून घेतले. सोमवारी दोष चौदा होते, मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. मार्गदर्शक म्हणाले, इतका झपाट्याने फरक त्यांनी दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात बघितलेला नाही.

वन्संना आम्ही वाऱ्यावर सोडलं, असं कोणी म्हणू नये. त्यांना वरच्या मजल्यावर मानाची जागा देऊ केली होती. पाहुणे आले की अकरा वाजता कुंडीशेजारच्या शिडीवर चढायचं, म्हणजे घरचं माणूस अजून स्वतः चढतं हे पाहुण्यांना दिसेल. वन्सं म्हणाल्या, “मी शिडी बघायला चढते. मला बघायला कोणी यायचं कारण नाही.” आणि घरी निघून गेल्या. समितीने नोंद केली: बदलाला विरोध, एक.

सहा महिने झाले, आठ झाले, बांधिलकी टिकली. कारखानदारांच्या संघाने आम्हाला ‘टिकाऊ नेतृत्व’ असा मोठा जड फलक दिला. तो दर्शनी दिवाणखान्यात उंचावर लावायचा ठरला. खिळा ठोकायला गोदामातून आमचीच एक शिडी आणली, चिकटपट्टी लावलेली, कोरी. भिंतीशी उघडून ठेवली. सगळे जमले.

“भावजी, मान तुमचा,” थोरला म्हणाला.

“छे छे, दादा! तुम्ही मोठे. तुमच्यापुढे मी चढू?”

“धाकट्या, तू हलका आहेस.”

“माझी कंबर धरलीय कालपासून.” धाकट्याने लगेच कंबर धरली.

सगळ्यांनी मार्गदर्शकांकडे बघितलं. ते कोमट पाणी प्यायले. “मी बाहेरचा माणूस,” ते हळू आवाजात म्हणाले. “बदल आतून यायला हवा.”

शेवटी रिबिटवाल्याला बोलावलं. त्याने शिडीकडे बघितलं, खाली वाकून सांध्यावर बोट फिरवलं आणि दोन पावलं मागे सरकला. “साहेब, मला नका सांगू. आमच्या खात्यातली आहे ती.”

तेव्हा कोणीतरी म्हणालं, आत्यांना बोलवा. फोन मी लावला.

“वन्सं, जरा येऊन जाता का? एकाच शिडीवर चढायचंय.”

“कितीजण आहात तिथे?”

“असू दहा-बारा.”

“सगळ्यांना पाय आहेत ना?” वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फलक हात पोचेल तिथे लावला. उंचावर लावणं हासुद्धा अपव्ययच होता, असं समितीने एकमताने ठरवलं, आणि त्या महिन्याची थोरल्याची अडचण सुटली. शिडी घडी करून गोदामात परत गेली. तिला दुकानात नेणारी गाडी तीनची होती. मी दाराशी उभी होते. गाडी थांबवायला माझा एक शब्द पुरला असता. पण मग नव्याण्णवाचं काय झालं असतं, तुम्हीच सांगा. गाडी वेळेवर सुटली.

तुम्हाला हे वाचून आमचं हसू आलं असेल. येऊ दे. पण आमच्याकडे तपासणी होत नाही, असा गैरसमज करून घेऊ नका. ती बंद झालेली नाही, फक्त आमच्याकडून तुमच्याकडे आली आहे. दुकानात तुम्ही शिडीचा रंग बघितलात, घडी करून कपाटामागे मावेल का ते बघितलंत, चिकटपट्टीवरचे चार हात बघून मान डोलावलीत. हिच्यावर आधी कोण चढलंय, असं विचारणारं एकही गिऱ्हाईक आमच्या वहीत अजून आलेलं नाही. तेव्हा दिवा बदलायला चढाल तेव्हा चौथ्या पायरीवर जरा थांबा. वजन आधी डावीकडे टाका, मग उजवीकडे, आणि कान द्या. वन्संना हे दिवसातून एकशेवीस वेळा करावं लागायचं. तुम्हाला एकदाच करायचंय.